श्वासाचा नमुना

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि मांडीवर जपून आणलेला हत्यारांचा डबा. बसमधल्या शेजारणीला वाटलं आत काचेची भांडी आहेत. मी म्हटलं, चिमटे आहेत, तर बाई जरा सरकूनच बसली.

दादा घ्यायला आला होता. पोट सुटलंय, पुढचे केस गेलेत, पण मला बघितल्यावर आधी घसा खाकरला आणि मग हसला, ते अगदी पूर्वीसारखं. मायेनं काही बोलायचं असलं की त्याला आधी घसा साफ करावा लागतो. ठमे, वाळलीस गं, एवढंच म्हणाला. अडतीस वर्षांच्या बाईला ठमी म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलंय. दुसरी आई होती.

वहिनीनं मागची खोली लावून ठेवली आहे. खिडकीत कुंडी, पलंगावर नवी चादर, टेबलावर पाण्याचा तांब्या. आई शेवटचे दीड महिने याच खोलीत होती. वहिनीनं आधीच विचारून घेतलं, इथं झोपायला चालेल ना म्हणून. मी म्हटलं, उलट बरं वाटेल. तीन वर्षं आईचं सगळं मी केलं आणि नेमकी शेवटी मी जवळ नव्हते. इथली इस्पितळं चांगली म्हणून दादानं तिला आणलं. मग एक दिवस फोन आला, दुपारी झोपेतच गेली, मी कामावर होतो, कुणाला कळलंसुद्धा नाही. मी पोचले ती दुसऱ्या दिवशी.

पण आज रडगाणं नको. कालपर्यंत मी जिन्याखालच्या दुकानात लोकांचे पाण्यात पडलेले मोबाईल उघडत होते. उद्यापासून मी तपासनीस. दादानं माझ्या नावाचा शिक्कासुद्धा करून ठेवलाय!

५ मार्च, मंगळवार

कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. एका टोकाला बोर्डांवर सोल्डरची पेस्ट लावायची, मध्ये तिळाएवढे भाग चिमट्यानं बसवायचे, मग भट्टीतून काढायचे आणि शेवटी माझं टेबल. माझ्या टेबलावर मायक्रोस्कोप, गरम हवेची नळी, दोन सोल्डरिंग आयर्न आणि धूर ओढून घेणारा पंखा. हा पंखा खास माझ्यासाठी आणलाय. मला लहानपणापासून दमा, आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरबरोबर तापणाऱ्या राळेचा, धूर छातीत गेला की संपलंच. दादाला ते बरोबर आठवलं. सोल्डरिंग मला त्यानंच शिकवलं, मी अकरा वर्षांची असताना, एका बंद रेडिओवर. फुंकर मारत शेजारी बसायचा, धूर माझ्या नाकात जाऊ नये म्हणून.

बनवतोय काय, तर श्वासाचं यंत्र. साबणाच्या डबीएवढी पेटी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी ठेवायची. ती श्वास ऐकत राहते. पंधरा सेकंद श्वास आला नाही की बझर असा कोकलतो की शेजारच्या घरातलं माणूस धावत यावं. सध्या नुसते नमुन्याचे बोर्ड चाललेत. इस्पितळांना सामान पुरवणारी एक कंपनी ते तपासून बघणार आणि मग मोठं काम देणार. दादा म्हणाला, आईची आठवण म्हणून हे यंत्र करायचं डोक्यात आलं. मी मान फिरवली. उगाच डोळ्यांत पाणी बघितलं असतं त्यानं.

८ मार्च, शुक्रवार

रुळले. शेडमध्ये दादा आणि मी सोडून एकच माणूस असतं, जाड चष्म्याचे काका. सकाळी आठच्या ठोक्याला येतात, भाग बसवतात, दिवसभरात बारा-पंधरा वाक्यं बोलतात. भट्टीतून निघताना एखादा रेझिस्टर एका टोकावर उभा राहतो, त्याला ते ‘रुसलेला’ म्हणतात. दोन पायांत सोल्डरचा पूल झाला की ‘लफडं’. आज मी त्यांना सांगितलं की एका बोर्डावर तीन रुसलेले आणि एक लफडं आहे, तर म्हणाले, म्हणजे घरच झालं की.

तपासणी दोन टप्प्यांत असते. आधी मायक्रोस्कोपखाली एकेक जोड बघायचा. मग बोर्ड साच्यात बसवायचा. साच्यातून बोर्डाला रेकॉर्ड केलेला श्वास दिला जातो आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. शेवटी तो श्वास थांबतो. पंधरा मोजायचे, बझर वाजला की शिक्का. रोज चाळीसेक बोर्ड होतात.

शेडच्या टोकाला शांत खोली आहे. चहूबाजूंनी फोम, जाड दार. आत टाचणी पडली तरी ऐकू येते, बाहेर मात्र काही नाही. तिथं जाताना फोन बाहेरच्या फळीवर ठेवायचा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. पहिल्या दिवशी विसरले, तर दादा चांगलाच डाफरला. आता सवयीनंच हात तिकडे जातो.

१२ मार्च, मंगळवार

छाती भरल्यासारखी वाटते. दुपारी दोनदा पंप ओढावा लागला. धुराचा पंखा तर घरघरत चालू असतो. हवापालट झाली की होतं असं, वहिनी म्हणाली, आणि आल्याचा काढा करून दिला. रात्री कशी झोपलीस, किती वेळा उठलीस, पंप कधी घेतलास, दादा रोज विचारतो. आज तर कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. डॉक्टरला दाखवू म्हणाला. इतकी काळजी माझी कुणी केली होती?

१५ मार्च, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट.

साच्यातली ती श्वासाची रेघ मला एव्हाना पाठ झालीय. आधी उथळ, मग चढत जाणारी, मग उतरत सपाट. मग खंड. मग पुन्हा पहिल्यापासून. खंड हळूहळू लांबतात. मी तिला मनातल्या मनात ‘पाहुणी’ म्हणायचे. आज पाहुणीकडे बघताना बोटांवर खंड मोजायला लागले, नऊ, दहा, अकरा. मग लक्षात आलं की मी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून मोजतेय. तसं मी फक्त आईच्या पलंगाशी बसून मोजायचे.

आईचं हृदय थकलं होतं, तेव्हापासून ती असाच श्वास घ्यायची. चढता, उतरता, मग खंड. खंडानंतर दोन छोटे झटके, मग पहिला श्वास.

पडद्यावरसुद्धा दोन छोटे झटके आहेत. दर वेळी.

हृदयाच्या सगळ्याच रोग्यांचं असं होत असेल. काकांना विचारलं, हा श्वास कुणाचा? म्हणाले, साहेबांनी आणला, नमुना क्रमांक एक.

१८ मार्च, सोमवार

दादा कंपनीच्या लोकांना भेटायला गेला होता. काका जेवायला गेले. मी साच्यातलं मेमरी कार्ड काढलं. त्यावर रेघेबरोबर आवाजही आहे, फक्त साचा तो वाजवत नाही. मी कानाला हेडफोन लावले.

सुरुवातीला कापडाची सळसळ. मग तिचा श्वास. मी कशाला खोटं बोलू, पहिल्याच श्वासाला ओळखलं. ती या खोलीत, या पलंगावर, आणि मी हेडफोन दाबून शेडमध्ये.

पाऊण तासाचं रेकॉर्डिंग आहे. साच्यात आम्ही वापरतो तो फक्त मधला थोडा भाग आणि शेवटचे श्वास, जोडून केलेला तुकडा. मी सगळं ऐकलं. मध्ये एकदा खुर्ची करकरली. एकदा कुणीतरी घसा खाकरला.

दादा म्हणाला होता, तो कामावर होता.

शेवटाकडे खंड सतरा मोजण्याइतका लांबला. मग वीस. बझर वाजला नाही. खुर्ची पुन्हा करकरली. मग आई जागी झाली. अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ठमे. मग पुन्हा, ठमे, उठव गं मला.

तिला वाटलं शेजारी मी बसलेय.

कुणी उत्तर दिलं नाही. त्यानंतर चार श्वास.

दिवसाला चाळीस बोर्ड. दिवसाला चाळीस वेळा मी तिला पडद्यावर थांबताना बघितलं, आणि पंधरा मोजून शिक्का मारला.

१९ मार्च, मंगळवार

दादाशी नेहमीसारखं बोलले. कसं जमलं कुणास ठाऊक. तो चहा ओतून देत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते.

डोक्यात एकच. बझर का वाजला नाही? रेकॉर्डिंग यंत्राचंच, म्हणजे ते तेव्हाही आईच्या उशाशी होतं. नवं होतं, बिघडलं असेल. बिघडलं असू दे, असं मी चक्क मनात म्हणत होते.

कपाटात जुने बोर्ड आहेत. सगळ्यात खालच्या डब्यात एकावर मार्करनं ‘१’. मायक्रोस्कोपखाली घेतला. बझरला वीज देणारा रेझिस्टर जागेवर नाही.

धक्क्यानं उडाला असता तर खालचा तांब्याचा पत्रा ओरबाडला गेला असता, खळगा दिसला असता. तसं नाहीय. दोन्ही टोकांना आयर्न लावून अलगद उचललाय. फ्लक्स पुसून घेतलाय. आणि दोन्ही उघड्या जागांवर सोल्डरचा पातळ, सपाट थर देऊन ठेवलाय, त्या काळ्या पडू नयेत म्हणून. पुन्हा बसवायचा असला की सोपं जातं.

हे मला त्यानंच शिकवलं. उघडी जागा तशीच सोडायची नाही, ठमे.

बझर वाजला असता तर वहिनी धावली असती, डॉक्टर आला असता, आई कदाचित आणखी महिना, आणखी वर्ष... पण मग थांबणारा श्वास मिळाला नसता. आणि थांबणारा श्वास कसा असतो ते कळल्याशिवाय यंत्राला तो ओळखता कसा येणार?

तो पूर्ण वेळ तिथं बसून होता. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडला.

२० मार्च, बुधवार

काकांशी बोलले. आवाजाचं सांगितलं नाही, नुसतं सहज म्हटलं की एकाच नमुन्यावर यंत्र कसं शिकणार. ते म्हणाले, तेच तर. कंपनीनं बोर्ड परत पाठवले होते जानेवारीत. यंत्राला एकाच तऱ्हेचा श्वास कळतो, म्हणाले. आता साहेब दमेकऱ्याचा नमुना शोधतायत. मिळालाय बहुतेक, गेल्या महिन्यात खुशीत होते.

गेल्या महिन्यात मला त्याचा फोन आला होता. ये म्हणून.

काका चष्मा पुसत पुढच्या बोर्डाकडे वळले. त्यांना काही कळलेलं नाही.

मी धुराचा पंखा उघडला. चार स्क्रू. आत कोळशाची जाळी असायला हवी. नाही. नुसती पोकळ पेटी. पंधरा दिवस धूर समोरून ओढून मागून माझ्याच तोंडावर सोडतेय.

मग टेबलाखाली हात फिरवला. साबणाच्या डबीएवढं. चिकटपट्टीनं लावलेलं. दिवा हिरवा.

खोलीत पलंगाखाली दुसरं.

२१ मार्च, गुरुवार

यंत्रांना हात लावला नाही. लावला तर त्याला कळेल.

दुपारी वहिनीला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे ऐकू जाऊ नये. एकटीनं झेपेना. वहिनी मटकन खाली बसली. पदर तोंडावर घेऊन रडली. म्हणाली, त्या दिवशी मला मुद्दाम बाजारात पाठवलं होतं गं. माझा हात धरला. किती वेळ सोडला नाही.

मी आजच निघते म्हटलं. ती म्हणाली, गेलीस तर तो सगळं पुसून टाकेल, मग आईला न्याय कोण देणार? तिचंही खरंच होतं, कारण मी ऐकलेलं कार्ड आज साच्यात नाही. नुसता छोटा तुकडा असलेलं दुसरं आहे. वहिनी म्हणते, महत्त्वाची कार्डं शांत खोलीतल्या टेबलाच्या खणात असतात, किल्ली तिला ठाऊक आहे. रविवारी शेड बंद. दादा सकाळीच बाहेर जाणार. आपण कार्ड घ्यायचं आणि तिथून तडक पोलिसांत. ती गाडी चालवेल.

पाठीवरून हात फिरवला तिनं. बरं वाटलं.

२३ मार्च, शनिवार

धाप. जिना चढताना तीनदा थांबले. काम करण्याचं सोंग केलं, आयर्न गार ठेवून.

जेवताना दादानं घसा खाकरला आणि म्हणाला, तू आलीस ते बरं झालं, ठमे, घराला घरपण आलं.

घास गिळला.

बॅग भरलीय. उद्या.

२४ मार्च, रविवार

शांत खोलीत आहे. घाईत लिहितेय. वही कोटाच्या खिशात होती. ही वही मी दाराच्या डाव्या हाताच्या फोममागे सरकवणार आहे. काका, उद्या आठला तुम्ही याल. फोमचा दुमडलेला कोपरा दिसेल. आधी हे वाचा.

वहिनी म्हणाली, तू आत जा, मी दारात लक्ष ठेवते. माझी पर्स तिनं धरली. पंप पर्समध्ये. फोन मी स्वतःच बाहेरच्या फळीवर ठेवला – सवयीनं – माझाच हात –

खण उघडाच होता. रिकामा. वळले तर दार लागलेलं.

आधी वाटलं वाऱ्यानं. या खोलीत वारा कुठला.

आतून मूठ नाही. दोन भोकं आहेत, कडा चकचकीत. नुकतीच काढलीय.

टेबलाखाली गरम तवा चालू, त्यावर ताटलीत फ्लक्स. भरून. धूर दिसेपर्यंत छातीत गेला होता. वायर उपटली. ताटली उलटी केली. पण या खोलीत हवा जाणार कुठं –

खूप हाका मारल्या. वहिनी, अगं वहिनी. आवाज फोमनं गिळला. मूर्ख. त्या दिवशी ती रडत होती तेव्हा डोळे कोरडे होते का ओले, मी बघितलंच नाही. पदर होता तोंडावर.

टेबलावर यंत्र आहे. हिरवा दिवा.

कोपऱ्यात भिंतीला एक पोकळ नळी आहे, वायरींची. तिच्यातून बझरचा आवाज शेडमध्ये जाईल, शेडच्या पलीकडे रस्ता आहे. रविवारीही कुणीतरी जात असेल. यंत्र उघडलं. उलटं केलं. तोच रेझिस्टर नाही. दोन्ही जागांवर सोल्डर, सपाट, सुबक.

केसातली पिन सरळ केली. दोन जागांवर आडवी धरली. आता श्वास रोखायचा. पंधरा. ज्याला श्वास मिळत नाही त्यानं श्वास रोखायचा.

सात – जमलं नाही. खोकला.

पुन्हा. अकरा.

पुन्हा –

वाजला! वाजला. कानठळ्या बसल्या. पिन सोडली नाही, बोट भाजलं तरी. एकदा सुरू झाला की श्वास आला तरी थांबत नाही, मिनिटभर वाजत ठेवला. मग पिन निसटली.

पावलं.

नळीतून ऐकू येतायत. शेडमध्ये कुणीतरी धावत आलं. मी ओरडले, इथं, इथं आहे. पावलं दाराशी आली.

थांबली.

नळीला कान लावला. पलीकडे घसा खाकरला.

दादा –

म्हटलं दादा मी आहे, पंप दे, मी कुणाला काही सांगणार नाही, जाते मी, दादा –

तो नळीत बोलला. मायेनं बोलतो तसाच. म्हणाला, “बोलू नकोस, ठमे. नमुना बिघडतो.”

मग वहिनी त्याला काहीतरी विचारत होती. जेवण गरम करू का असं काहीसं.

बिघडतो.

बिघडतो ना? मग बोलणार. आईचं सगळं बोलणार, मोठ्यानं, एकेक दिवस, म्हणजे याला शांत श्वास मिळणारच नाही, कंपनी पुन्हा बोर्ड परत – सुरुवात केली. आई सकाळी सहाला उठायची. आई –

चार वाक्यं झाली. डोळ्यांपुढे काळं.

बोललं की श्वास जातो. गप्प बसलं की तो त्यांना मि